सर, होस्टेलच्या रेक्टर मॅडम!

गोष्ट व्हायव्हाची आहे. विषय कॉम्प्युटर नेटवर्क्स. एक्स्टर्नल सर तसे शांत, अगदी आजोबांसारखे. माझी पाळी दुपारी साडेतीनला, म्हणजे सरांचा चहा व्हायचा आणि माझं डोकं थांबायची वेळ एकच. सरांनी विचारलं, "नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या प्रकारच्या संस्था वापरतात? दोन-तीन सांग."

मी रात्रभर सात लेयर पाठ केलेले. सबनेटिंगची गणितं केलेली. हा प्रश्न कुणाच्याच नोट्समध्ये नव्हता. आणि तोंडातून निघून गेलं, "सर, होस्टेलच्या रेक्टर मॅडम!"

मागे बसलेले सगळे खो खो हसले. इंटर्नल सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक्स्टर्नल सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "एक झालं. अजून दोन सांग." मला सांगता आली नाहीत. २५ पैकी १४ मार्क पडले.

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या राहिलेल्या दोन उत्तरांचा प्रयत्न आहे. पण खरं सांगायचं तर जे एक उत्तर दिलं त्याबद्दलच मला जास्त बोलायचंय. आधी भाषेबद्दल माफी मागते. मी मूळची मुरगूडची, तालुका कागल. शाळा मात्र निपाणीच्या कॉन्व्हेंटमध्ये, रोज एसटीने जाऊन-येऊन. त्यामुळे घरी रांगडं कोल्हापुरी, शाळेत इंग्लिश आणि लिहायचं मराठी मधल्या मध्ये लटकलेलं! ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

नेटवर्क मॉनिटरिंग म्हणजे काय, हे मी आजीला समजावून सांगितलं तेव्हा मलाही नीट समजलं. आमच्याकडे वेदगंगेचं पाणी उपसा योजनेतून शेतात येतं. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पाटकरी पाटाच्या कडेकडेने फिरतो. कुठे पाट फुटलाय का, कुणाच्या वावरात पाणी पोचलं, कुणाचं अडलंय, मोटर बंद पडली का, हे बघणं त्याचं काम. आजी म्हणाली, "म्हंजे तुमचा कॉम्प्युटरचा पाटकरी." अगदी तेच. कुठला राऊटर जिवंत आहे, कुठल्या वायरीतून किती डेटा जातोय, कुठला सर्व्हर दम टाकायला लागलाय, हे एका स्क्रीनवर दिसतं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. १९८३ साली माईक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने ‘पिंग’ लिहिलं, तो यातला सगळ्यात साधा प्रकार. पलीकडच्या मशीनला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पुढे एमआरटीजी, नागिऑस, झॅबिक्स असे एकेक येत गेले. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचं ऑपमॅनेजर आहे.

यातल्या एमआरटीजीची गोष्ट मला फार आवडते. १९९४ साली टोबी ओएटिकर हा माणूस इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात काम करत होता. सगळ्या विद्यापीठाला मिळून बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाईन, ६४ केबीपीएसची. (आपल्या होस्टेलचं नेट शनिवारी रात्री तेवढंच चालतं, असो.) लाईन कशी चाललीय हे ज्याला त्याला जाणून घ्यायचं होतं. म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो लाईनवरच्या ट्रॅफिकचा आलेख काढून वेबवर टाकायचा आणि सतत ताजा करत राहायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आलेख साहेबाच्या टेबलावर नव्हता, वेबवर होता.

आता एक्स्टर्नल सरांची उत्तरं. पहिलं उत्तर अर्थात बँका. आणि बँकेचं उदाहरण द्यायला आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरज नाही, पुणे पुरे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून कॉसमॉसच्या खोट्या कार्डांवर सुमारे १२ हजार वेळा पैसे निघाले. रक्कम सुमारे ७८ कोटी रुपये. भारतातल्या एटीएममधून आणखी सुमारे अडीच कोटी. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या मार्गाने जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटींच्या वर. भारतातले पैसे कुठे कुठे निघाले त्या शहरांत आपलं कोल्हापूरही होतं! म्हणजे ज्या शहरात आम्ही चप्पल आणि दिवाळीचे कपडे घ्यायला जातो तिथल्या एटीएमसमोर ही माणसं पिशव्या घेऊन उभी होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यातल्या ११ जणांना दोषी ठरवलं. पण ती झाली एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं. खरे सूत्रधार दूर कुठेतरी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे.

हे घडलं कसं ते आपल्या ब्रँचच्या लोकांनी तरी नीट समजून घ्यायला पाहिजे. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा व्हिसा किंवा रुपेमार्फत बँकेच्या ‘स्विच’कडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य सिस्टीमला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो, बाबा, या खात्यात पैसे आहेत का? ती हो म्हणाली की मशीन नोटा देतं. चोरांनी काय केलं, तर खऱ्या स्विचच्या जोडीला स्वतःचा खोटा स्विच उभा केला. येणाऱ्या प्रत्येक विचारणेला तो आपला ‘हो, हो, हो’ म्हणत सुटला. कोअर बँकिंगला पत्ताच नाही! कुणा ठेवीदाराच्या खात्यातून एक रुपया कमी झाला नाही, म्हणून कुणाची तक्रारही नाही. पैसे गेले ते थेट बँकेचे.

तिसऱ्या वर्षाच्या मुलीने घरबसल्या शहाणपण शिकवणं सोपं असतं, हे मला कळतं. तरी पण वाटतंच. बाहेरून किती विचारणा येताहेत आणि त्यातल्या किती कोअर बँकिंगपर्यंत पोचताहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघत बसलेला एखादा पाटकरी त्या शनिवारी असता तर? पाट भरून वाहतोय आणि वावरात थेंब नाही, हे त्याला पाचव्या मिनिटाला दिसलं असतं. बँकांनी चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र उभारावं असं रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच सांगितलं होतं. नागरी सहकारी बँकांसाठी मात्र सायबर सुरक्षेची पहिली खास नियमावली आली ती १९ ऑक्टोबर २०१८ ला, म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. मग ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांच्या आकारमानाप्रमाणे आणि जोडण्यांप्रमाणे चार पातळ्या पाडणारी. छोट्या बँकेला कमी ओझं, मोठीला जास्त. ठीक आहे. पण छोट्या बँका सगळ्या एकाच दोरीवर वाळत घातलेल्या असतात त्याचं काय?

ते २०२४ मध्ये दिसलं. देशातल्या कितीतरी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका आपली सिस्टीम स्वतः चालवत नाहीत, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून सेवा घेतात. त्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने जाहीर केलं की सी-एजला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आहे. जवळजवळ ३०० बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम बंद! दुसऱ्या दिवशी जोडणी परत सुरू झाली. मोठ्या शहरात एखाद्याला हे जाणवलंही नसेल. पण मुरगूडसारख्या गावात ज्याचं खातंच एका छोट्या बँकेत आहे, त्याच्यासाठी एक दिवस म्हणजे दुकानदारापुढे मान खाली घालून "उद्या देतो" म्हणणं असतं. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की कुणीतरी बघत होतं, म्हणून तोडता आलं. शेजारच्या वावराला आग लागली तर मधला पट्टा नांगरून टाकतात ना, तसं. ३०० बँका बंद पडल्या ही बातमी झाली. बाकीच्या वाचल्या याची बातमी होत नाही.

दुसरं उत्तर, बंदरं आणि शेअर बाजार. यावर थोडक्यात सांगते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही प्रचंड जहाज कंपनी जगभर आडवी झाली, आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटीमधलं तिच्याकडचं टर्मिनलही ठप्प झालं. पुढे कंपनीने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. ते जमलं कसं? तर सगळ्या नेटवर्कचा नकाशा असलेली एकच प्रत घानाच्या ऑफिसात शाबूत राहिली होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेली होती! लोडशेडिंगवर इतकी वर्षं शिव्या घालून झाल्यावर ही बातमी वाचली आणि मी दोन मिनिटं गप्प बसले. शेअर बाजाराचं म्हणाल तर २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते पावणेचारला सुरू झाले. कारण सांगितलं गेलं की दोन टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्या गडबडल्या. चोर नाही, व्हायरस नाही, नुसती वायर.

बाकी मग रेल्वे, विमानतळ, वीज मंडळ, हॉस्पिटलं, मोबाईल कंपन्या, कॉल सेंटर, सरकारी डेटा सेंटर... यादी लांबवण्यात अर्थ नाही. जिथे वायर आहे तिथे पाटकरी आहे.

पण आमच्या जिल्ह्याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९८ साली, म्हणजे आपण कुणी जन्मलेलोही नव्हतो तेव्हा, वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा समूहाच्या परिसरातली ७० गावं कॉम्प्युटरने साखर कारखान्याशी जोडली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह असे तिघांनी मिळून पैसे घातले. गावातल्या केंद्रात जाऊन शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन किती भरलं, तोड कधी आहे, खत किती उचललं, हे बघता यावं ही कल्पना. पुढे दहाएक वर्षांत काही गावांत त्या कॉम्प्युटरच्या जागी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं गेलं, आणि झालं. मला यातलं तंत्रज्ञान फार भारी वाटत नाही. आवडते ती दिशा. माहिती कारखान्याकडे तर जायचीच, पण ज्याची आहे त्याच्याकडे परतही यायची.

आमच्याकडे हा प्रश्न कॉम्प्युटरच्या आधीपासूनचा आहे. काटामारी हा शब्द कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ऊस आपला, गाडी आपली, काटा कारखान्याचा. काट्यावरचा आकडा फक्त आत बसलेल्या क्लार्कला दिसत असेल तर तो खरा असला तरी शेतकरी विश्वास ठेवत नाही. आणि का ठेवावा? म्हणून आकडा बाहेरून दिसला पाहिजे ही मागणी असते. दूध संस्थेतही तेच. आजी रोज सकाळी कासंडी घेऊन जाते. मशीन फॅट मोजतं, आकडा तिच्यासमोर पेटतो, पावती हातात मिळते. आजीला अक्षर वाचता येत नाही पण तो आकडा ती बरोबर ओळखते, आणि कमी आला तर म्हशीला सोडून आधी मशीनला बोल लावते!

आता होस्टेल.

आपल्या कॉलेजच्या सर्व्हर रूममधले अ‍ॅडमिन सर सगळ्यांना माहीत आहेत. मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात नेट इतकं रखडलं होतं की आम्ही पंधराजणी तक्रार घेऊन गेलो. सरांनी आम्हाला हाकललं नाही. आत बोलावून स्क्रीन दाखवला. आलेखात एका मजल्याची रेघ डोंगरासारखी चढलेली. शोधत शोधत ते एका लॅपटॉपपाशी पोचले. त्या मुलीने कुठूनतरी फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्यातून शिरलेला प्रोग्रॅम रात्रंदिवस बाहेर काहीतरी पाठवत होता. तिला बिचारीला कल्पनाही नव्हती. अर्ध्या तासात लॅपटॉप साफ, नेट सुरळीत. त्या दिवशी सर एक वाक्य बोलले ते माझ्या वहीत आहे. "कोण काय बघतं यात मला रस नाही गं. वायर जिवंत आहे का एवढंच मला बघायचं असतं."

त्यामुळे ‘होस्टेलवरचं मॉनिटरिंग बंद करा’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ते बंद करता येणारही नाही. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था अशा सगळ्यांना आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, आणि हल्ला झाला तर कळल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. आपल्या नेटवरून उद्या कुणी कुठे उद्योग केला तर पोलीस आधी कॉलेजच्याच दारात येणार. लॉग ठेवले पाहिजेत, मान्य.

पण मग मेसमधली ती संध्याकाळ.

हे मी माझ्या रूममेटला विचारून लिहिते आहे. नाव तिचं नको, माझंही खाली नाही. जेवणाची रांग लागली होती. आमच्या रेक्टर मॅडमच्या हातात एक छापील कागद होता, कुठल्या रूमवरून कुठल्या साइट उघडल्या त्याचा. नेहमीप्रमाणे एकदोघींना पिक्चर डाउनलोड करण्यावरून ओरडून झालं. मग आमच्या रूमचा नंबर आला. सगळ्या रांगेसमोर मॅडमनी विचारलं, "ही व्यसनमुक्ती केंद्राची साइट रात्री दोन-दोन वाजता कशाला लागते? होस्टेलवर कोण पितं?"

कुणीच पीत नव्हतं. तिच्या घरी पितात. वडील. ती आईला फोनवर माहिती सांगण्यासाठी आठवडाभर केंद्रं शोधत होती. कुठे किती दिवस ठेवतात, खर्च किती येतो. हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि आम्ही दीड वर्ष एका खोलीत राहतोय. रांगेत कुणीतरी हसलं. ती ताट तिथेच ठेवून वर निघून गेली.

मॅडम वाईट नाहीत. कुणाला ताप आला की स्वतःच्या स्कूटीवरून दवाखान्यात नेतात. आईबाप मुलींना त्यांच्या भरवशावर ठेवून जातात आणि काही झालं तर जाब त्यांनाच विचारतात, हे मला दिसतं. त्यांच्या हातात तो कागद कुणी दिला, कशासाठी दिला, आणि तो वाचून काय करायचं हे त्यांना कधी कुणी सांगितलं का, हा माझा प्रश्न आहे. पाटकऱ्याच्या हातात बॅटरी असते ती पाट बघायला. ती घेऊन तो कुणाच्या खिडकीत उजेड टाकायला लागला तर गाव ऐकून घेईल का?

थोडं तांत्रिक सांगते, म्हणजे विनाकारण घाबरू नका आणि विनाकारण निर्धास्तही राहू नका. आजकाल बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात. त्यामुळे कॉलेजच्या फायरवॉलला साधारणपणे साइटचं नाव दिसतं, किती वाजता आणि किती डेटा ते दिसतं. आत कुठलं पान वाचलं, कुणाला काय लिहिलं, ते दिसत नाही. मात्र लॅपटॉपवर संस्थेचं सर्टिफिकेट टाकायला लावलं असेल तर आतलंही वाचता येऊ शकतं. तेव्हा कुणी काही टाकायला सांगितलं तर ते काय आहे हे विचारा. आपण इंजिनिअर होणार आहोत, विचारायला लाज कसली? आणि नुसत्या साइटच्या नावातूनही किती कळतं हे माझ्या रूममेटला विचारा. पाकीट उघडलं नाही, नुसता पत्ता मोठ्याने वाचला, तरी घरातली गोष्ट मेसमध्ये पोचली.

‘होस्टेलमध्ये राहता, कॉलेजचं नेट वापरता, मग प्रायव्हसी कसली?’ असं स्टाफपैकीच नाही तर आपल्यातलेही कितीजण म्हणतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि केरळमधल्या एका कॉलेजच्या होस्टेलवर संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करायचा नियम होता. एका मुलीने तो मानायला नकार दिला, तिला होस्टेलमधून काढलं, ती कोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. आपल्याच वयाची मुलगी होती! त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. आपली कुठली माहिती कोण हाताळतंय हे विचारायचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, पण कॉलेजने ती तारीख उजाडेपर्यंत कशाला थांबायचं?

अजून एक. ‘आमच्याकडचं सॉफ्टवेअर भारी आहे, कागद सुरक्षित आहेत’ असं कुणी म्हणालं तर सोलरविंड्सची आठवण करून द्या. या अमेरिकन कंपनीचं ओरायन हे नेटवर्क मॉनिटरिंगचंच सॉफ्टवेअर. मोठमोठ्या कंपन्या आणि अमेरिकेची सरकारी खाती ते वापरायची. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं की त्याच्या अपडेटमध्येच कुणीतरी चोरवाट घालून ठेवली होती, आणि ते अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांकडे पोचलं होतं. ज्याला सगळी दारं दिसतात त्यालाच फितवलं की बाकी कुलपं फोडावी लागत नाहीत. म्हणजे जितकं जास्त साठवाल तितकं जास्त चोरीला जाऊ शकतं. मुलींच्या रात्री दोनच्या साइटची यादी छापून मेसच्या टेबलावर ठेवणं हे तर त्याहून सोपं. त्याला उत्तर कोरिया कशाला हवा!

आम्ही सातजणींनी मिळून प्राचार्यांच्या नावे एक अर्ज दिला आहे. त्यात मागण्या फार मोठ्या नाहीत. नेटवर काय नोंदवलं जातं आणि ते किती दिवस ठेवलं जातं हे होस्टेलच्या नोटीस बोर्डवर मराठीत आणि इंग्लिशमध्ये लावावं. नावानिशी यादी कुणी, कधी आणि कुणाच्या लेखी परवानगीने काढली याची नोंद असावी. कुठलीही यादी चारचौघांत वाचू नये, काही विचारायचं असेल तर केबिनमध्ये बोलावून विचारावं. आणि प्रत्येकीला स्वतःची नोंद बघता यावी, दूध संस्थेच्या पावतीसारखी. शेवटच्या मागणीवर अ‍ॅडमिन सर म्हणाले की हे करायला दोन दिवसही लागणार नाहीत, फक्त कुणीतरी ‘करा’ म्हणायला पाहिजे. एकूण ट्रॅफिकचा आलेख तर ते उद्यापासून रीडिंग रूमच्या जुन्या मॉनिटरवर लावायला तयार आहेत. ओएटिकरची गोष्ट मी त्यांना सांगितली, त्यांना माहीत नव्हती, खूश झाले.

अर्जावर ‘विचाराधीन’ असा शिक्का बसला त्याला हा अंक छापायला जाईपर्यंत पाच आठवडे झाले. रेक्टर मॅडमनी मला बोलावून विचारलं, "माझ्याबद्दल लिहिणार आहेस म्हणे?" मी हो म्हटलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिच्या वडिलांचं काय झालं मग?" मी म्हटलं, मॅडम, ते तिलाच विचारा, पण केबिनमध्ये.

रूममेटने त्या दिवसापासून कॉलेजच्या नेटला हात लावलेला नाही. स्वतःचं रिचार्ज करते. आमच्या खोलीत रेंज नाही, म्हणून रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसते. सध्या पाऊस आहे, त्यामुळे एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने टाईप करावं लागतं.